नाहूरच्या रक्तसूचीवरील पहारा पुन्हा सुरू करण्याबाबत

दिनांक : १६ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रक्तदुवा दुर्मिळ रक्तदाता नोंदणी केंद्र,
नाहूर (पश्चिम), मुंबई

अर्जदार : श्रीमती विमला राजाराम परब, वय ७३, मानसेवी मदतनीस

विषय : संगणकांवरील देखरेख बंद करण्याचा आदेश मागे घेणे, श्री. प्रबुद्ध गमरे यांना कामावर परत घेणे आणि अर्जदारास 'पर्यायी व्यवस्था' या नेमणुकीतून मुक्त करणे.

संदर्भ : आपले पत्र, दि. २८ नोव्हेंबर २०२४.

महोदय,

१. सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात जे घडले, ते केंद्राच्या अहवालात निराळे लिहिले गेले आहे. खरे काय ते अर्जदारास माहीत आहे. आजवर ती गप्प राहिली. आता भीती अशी बसली आहे की गप्प राहणे जमत नाही.

२. केंद्रात पाच संगणक आहेत आणि कोपऱ्यात एक मोठे यंत्र. बॉम्बे रक्तगटाच्या, म्हणजे ज्यांना फक्त आपल्याच गटाचे रक्त चालते अशा माणसांची यादी त्या एका यंत्रात आहे. गोपनीयतेच्या नियमामुळे ती कागदावर ठेवता येत नाही. दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, असा संगणकांची देखभाल करणाऱ्या श्री. गमरे यांचा प्रस्ताव मार्चपासून आपल्या टेबलावर आहे. बिघाड होण्याआधी कळावा म्हणून त्यांनी एक पडदा लावला होता. यंत्र किती तापले, हाक मारल्यावर किती वेळाने ओ देते, हे त्यावर दिसे. दिवसातून तीनदा ते आकडे वहीत उतरवण्याचे काम अर्जदाराकडे होते.

३. हे काम तिला नवे नव्हते. घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची अडतीस वर्षे गेली. तेव्हा जमिनीखालच्या केबलमध्ये हवा भरलेली असे. कुठे भोक पडले की आधी दाब उतरे, मग पाणी शिरे, आणि फोन मुके व्हायला त्यानंतर दोन-तीन दिवस जात. त्या दोन-तीन दिवसांसाठीच आम्हां बायकांना पगार मिळतो, असे तिच्या सुपरवायझर शकुताई म्हणत. एका मुलीने एकदा दाबाचा मीटर न पाहताच कालचा आकडा लिहिला, तर शकुताईंनी तिला सगळ्यांसमोर सुनावले, "अगं, चुकीचा आकडा परवडला, खोटा नको." त्या हॉलमधला स्टुलांचा आवाजसुद्धा अर्जदारास आज ऐकू येतो.

४. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी श्री. गमरे आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दापोलीला गेले. जाताना बजावून गेले, "मावशी, मोठ्या मशीनचं झाकण उघडं आहे, गार राहावं म्हणून. त्याला काय हात लावू नका हां." एक्स्चेंजमध्ये खंडेनवमीला प्रत्येक बोर्डाची पूजा होत असे. अर्जदाराच्या हाताला राहवले नाही. तिने मोठ्या यंत्राला हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि झेंडूची माळ नेमकी पंख्याच्या जाळीवर अडकवली. संध्याकाळी माळ काढली. ती निम्मी रिकामी होती. पाकळ्या कुठे गेल्या, हे तिला त्याच क्षणी कळले.

५. रोज बेचाळीस असणारा तापमानाचा आकडा एकोणपन्नास झाला, मग पंचावन्न, मग त्रेसष्ट. श्री. गमरे रोज संध्याकाळी फोन करत, "काय मावशी, किती?" अर्जदार सांगे, "बेचाळीस." ते म्हणत, "झकास." वहीतही तिने बेचाळीसच लिहिले. खरे सांगितले तर उद्यापासून या म्हातारीला यंत्रांच्या खोलीत कोण येऊ देईल, एवढीच धास्ती होती. पडद्याची धोक्याची सूचना व्यवस्थापक श्री. राजेश तावडे यांच्या मोबाइलवर जात होती, पण दर तासाला टुंगटुंग नको म्हणून त्यांनी ती बंद केली होती.

६. दि. २२ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. बोरिवलीच्या एका इस्पितळातून फोन आला, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही. त्याच वेळी पाचही पडदे पांढरे झाले. श्री. तावडे ओरडले, "वाट लागली!" अर्जदाराने डोळे मिटले आणि दात्यांचे आठवतील ते क्रमांक फिरवले. पहिला चुकला. दुसरा दहिसरच्या श्री. मार्तंड म्हात्रे यांना लागला. "परबताई ना? निघालो," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. यंत्र सदतीस मिनिटांनी सुरू झाले.

७. दुसऱ्या दिवशी श्री. गमरे परत आले. त्यांनी पंखा उघडला. पाकळ्या, तांदूळ, हळद सारे एका कागदात गोळा करून पुडी अर्जदाराच्या हातात दिली. "मावशी, हे घरी घेऊन जा, आणि कोणाला बोलू नका." चौकशीत ते काहीच बोलले नाहीत. देखरेखीत कसूर म्हणून त्यांना काढले. अर्जदाराला मात्र शाल आणि श्रीफळ मिळाले. श्री. तावडे माईकवर म्हणाले, "पडदेबिडदे कशाला हवेत? आपल्या मावशींचं डोकंच सर्व्हर आहे!" टाळ्या झाल्या. मग पडदा काढला गेला आणि आपले पत्र आले, की यंत्र बंद पडल्यास यादीची पर्यायी व्यवस्था म्हणून श्रीमती परब यांची स्मरणशक्ती गृहीत धरावी.

८. महोदय, ती गृहीत धरू नये. पत्र आल्यापासून अर्जदार रोज सकाळी दहा दात्यांचे क्रमांक आठवून चिठ्ठीवर लिहिते, यादीशी ताडते आणि चिठ्ठी लगेच फाडते. गुण तेवढे वहीत ठेवते. पहिल्या दिवशी नऊ बरोबर होते. नंतर आठ, आठ, सात. गेल्या सोमवारी म्हात्रे यांचा म्हणून जो क्रमांक लिहिला तो सहाच आकडी निघाला. तो शकुताईंच्या घरचा होता. त्यांना जाऊन एकतीस वर्षे झाली. हे आकडे अर्जदाराने खरे लिहिले आहेत.

९. संबंधितांची आजची स्थिती अशी. बोरिवलीची ती बाई आणि तिची मुलगी सुखरूप घरी आहेत. श्री. म्हात्रे बरे आहेत, परंतु वीस जानेवारीपर्यंत त्यांना पुन्हा रक्त देता येणार नाही. श्री. तावडे यांची पदोन्नती झाली. श्री. गमरे विलेपार्ल्यात एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करतात. अर्जदाराचा फोन ते अजूनही उचलतात, आणि हा अर्ज करू नका म्हणतात. मोठे यंत्र त्याच कोपऱ्यात आहे. ते किती तापले आहे हे कोणालाच ठाऊक नाही; अर्जदार तासातासाला त्यावर तळहात ठेवून पाहते. मुलुंडच्या सौ. निधी साटम यांचा रक्तगटही बॉम्बेच आहे आणि त्यांची प्रसूतीची तारीख नऊ जानेवारी आहे. त्या दर आठवड्याला येतात आणि अर्जदाराचा हात धरून म्हणतात, "आजी, तुम्ही आहात ना, मग मला टेन्शन नाही."

१०. तरी विनंती, की नऊ जानेवारीपूर्वी श्री. गमरे यांना सन्मानाने परत बोलवावे, पडदा लावावा व यादीची दुसरी प्रत करावी. कसुराची शिक्षा अर्जदारास द्यावी. तिला केंद्रातून काढले तरी तक्रार नाही. आज सकाळी दहापैकी पाच आठवले.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
विमला राजाराम परब

सोबत :
(१) देखरेखीची वही. ऑक्टोबरमधील खोट्या नोंदींना लाल शाईने खूण केली आहे.
(२) अर्जदाराच्या रोजच्या गुणांचे पान.
(३) शाल, परत.