साळूबाईच्या तुळशीला पाणी घालण्यास झालेली मनाई

प्रति,
मे. जिल्हा न्यायाधीश साहेब,
औरंगाबाद.

विषय: दाव्याच्या निकालाआधी झालेल्या मनाई हुकुमाविरुद्ध अपील.
संदर्भ: मौजे वडीगोद्री, ता. अंबड येथील घरच्या विहिरीचा दावा. वादी भुजंगराव, प्रतिवादी अर्जदार.

महोदय,

१. वादी हे अर्जदार विधवेचे सख्खे धाकटे दीर. विहीर आपली एकट्याची, असा त्यांचा दावा आहे. निकाल लागेतो उभयतांपैकी कोणीही विहिरीच्या आवारात पाऊल टाकू नये, असा हुकूम खालच्या कोर्टाने चैत्राच्या तोंडावर दिला. अर्जदाराने तो मोडलेला नाही.

२. त्या आवारात तुळस आहे. वादींची पत्नी साळूबाई हिने ती लावली. साळूबाई कार्तिकात बाळंत झाली आणि पाचवीच्या दिवशीच गेली. जाताना अर्जदाराचा हात धरून म्हणाली, "आक्का, तुळस वाळू देऊ नका, न्हाई तर मला उठावं लागंल." तेव्हापासून तुळशीला पाणी घातल्याशिवाय अर्जदार तोंडात घास घेत नसे. हुकुमाने पाणी घालणे बंद झाले, तेव्हापासून अर्जदार एकभुक्त राहते.

३. ऊन तापले. बांधावरचे गवत जळाले, तुळस मात्र हिरवीगार आहे. रोज उजाडताना रहाट वाजतो आणि दोर ओला दिसतो. वादी टोमणा मारून म्हणाले, "वैनी, उपास बी धरता अन् चोरून पाणी बी शेंदता! बराबर आहे का हे?" अर्जदाराने देवावर हात ठेवून नाही म्हटले. मग वादी स्वतः पहाटे आवाराच्या कुडाआड बाहेरून पाळतीला बसले. तेथून उठून आले ते अर्जदाराच्या उंबऱ्यावरच टेकले. "वैनी, रहाट फिरून राह्यला, अन् तिथं कोणीच न्हाई. तुम्ही घाला पाणी. पण हे मी कोर्टात बोलणार न्हाई. लोक हसतील मला."

४. वकीलसाहेब सांगतात की, मधला हुकूम फिरवायचा तर भरून न येणारे नुकसान दाखवावे लागते. तरी निवेदन असे की, ओल्या बाळंतिणीला कोणी गार पाण्यात हात घालू देत नाही. साळूबाई रोज पोहरा ओढते आहे. ती दाव्यात पक्षकार नाही, सबब मनाई तिला लागू नाही. लागू आहे ती तिला बसवून स्वतः पाणी शेंदू पाहणारीला.

५. विहीर कोणाचीही ठरो. रोज एक घागर शेंदून तुळशीला घालण्याची मुभा अर्जदारास मिळावी. अपिलाच्या तारखेपर्यंत तेवढेही देता येत नसेल, तर कुडाच्या आत निखाऱ्यांची एक शेगडी तरी ठेवू द्यावी. तिचे हात गारठत असतील.

आपल्या न्यायाकडे डोळे लावून बसलेली, नम्र,
सगुणाबाई भ्रतार कै. धर्मराज
वडीगोद्री, चैत्र वद्य एकादशी, सन १९५८