साक्षीच्या दिवशी निरीक्षक न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
परप्रांतस्थ मराठी महिला साहाय्य योजना,
दिल्ली कार्यालय, नवी दिल्ली.

विषय : लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीच्या साक्षीला आपले निरीक्षक न पाठवण्याबाबत.

संदर्भ : आपले ‘सेवा-उपस्थिती पडताळणी’चे पत्र. ते अर्जदाराने दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

महोदय,

अर्जदार अलकनंदा घैसास ही नोएडात ‘सोबत’ नावाची लहानशी संस्था चालवते. काम एवढेच, की नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी घरातल्या बाईवर किंवा मुलीवर अत्याचार झाला, तर दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात तिच्या शेजारी बसायचे. तिथे सगळे हिंदीत विचारतात, आणि अशा वेळी बाईला आपल्या भाषेतसुद्धा तोंड उघडणे जड जाते. या कामासाठी आपली योजना अनुदान देते. म्हणजे, देते असे पत्रात म्हणते.

तिसरा हप्ता अडला, कारण ‘लाभार्थी’ प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो देता येत नाही, असे आपल्या कार्यालयाचे म्हणणे. अत्याचारग्रस्त मुलीचे नाव-पत्ता उघड करता येत नाही, हा कायदा अर्जदाराने दाखवला. कार्यालयाने मान डोलावली आणि प्रवासखर्चाच्या मूळ पावत्या मागितल्या. त्याशिवाय खर्च मंजूर होत नाही, म्हणून त्या दिल्या. त्या टॅक्सीच्या पावत्यांवरून आपले निरीक्षक श्री. भालचंद्र ताटके एका लष्करी वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन पोचले. काय ही हुशारी! घर कोणते ते पावतीवर नव्हते. मग ‘अत्याचारग्रस्त महिला साहाय्य’ अशी पाटी लावलेल्या गाडीतून उतरून त्यांनी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारले, “वो जिस मराठी लड़की के साथ हुआ था, उसका क्वार्टर किधर है?”

जवानाला ठाऊक नव्हते. त्याने दुसऱ्याला विचारले, दुसऱ्याने कँटीनमध्ये विचारले. त्या वसाहतीत तरुण मुलगी असलेली मराठी घरे तीनच. संध्याकाळी पहिल्या घरातल्या बाईंनी शेजारणींना सांगून टाकले, की आमची नव्हे हो. दुसऱ्या घराने तेच केले. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? तिसऱ्या घराने दार लावून घेतले. मुलीचे वडील सीमेवर आहेत. पुढच्या सुट्टीत त्यांना समोर बसवून नीट सांगायचे, असे मायलेकींनी ठरवले होते. त्याआधीच वडिलांना ते पलटणीतल्या कोणाकडून तरी फोनवर कळले. शरम ज्यांना वाटायला हवी होती ते चहा पिऊन कार्यालयात परतले होते.

आईने अर्जदाराला फोन केला. आवाजही चढवला नाही. म्हणाली, “ताई, तुमचे उपकार आहेत. पण आता आमच्या दारात येऊ नका. तुम्ही दिसलात की लोक आमच्या खिडकीकडे बघतात.”

यावर आपला शेरा असा : ‘लाभार्थी अस्तित्वात असल्याचे आढळले. पडताळणी समाधानकारक.’ तो वाचून अर्जदाराचे डोके फिरले. समाधान कोणाचे झाले, हे जरा लेखी कळेल का?

आता आपले नवे पत्र. साक्षीच्या दिवशी सेवा खरोखर दिली जाते किंवा कसे, हे पाहण्यास श्री. ताटके न्यायालयात हजर राहतील. सबब न्यायालय, तारीख व वेळ कळवावी. अर्जदार व लाभार्थी यांचे एकत्रित छायाचित्र द्यावे, चेहरा अस्पष्ट केला तरी चालेल. केवढी ही मेहेरबानी! अहो, अशी साक्ष बंद दाराआड होते. दाराबाहेर ताटके नुसते दिसले तरी ती पोर पायरीवरून माघारी जाईल. आरोपीच्या वकिलाला दुसरे काय हवे आहे? ती बोलली नाही तर तो सुटला, इतके साधे आहे.

काल मुलीने आईला न सांगता अर्जदाराला फोन केला. साक्षीला ती येणार आहे, मेट्रोने, एकटी. दिल्लीत वाढलेली, मोजकेच बोलते. “काकू, मी बोलणार आहे. बस्, तुम्ही साइडला बसा. और कोई नको, प्लीज.”

सबब विनंती, नव्हे मागणी, की सदर पत्र मागे घ्यावे आणि त्या वसाहतीचा उल्लेख असलेला प्रत्येक कागद फाइलीतून काढून नष्ट करावा. कोणते न्यायालय आणि कोणती तारीख, हे अर्जदार आपल्याला कळवणार नाही. त्यासाठी हप्ता रोखायचा तर खुशाल रोखावा. संस्थेला कुलूप लागेल, आणि पुढच्या मुलीला एकटीने बसावे लागेल. ते पाप आपल्या माथी. या मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर मात्र अर्जदार बसणार आहे, आणि ती बसली होती याचा कसलाही पुरावा आपल्या कार्यालयाला कधीही मिळणार नाही.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

अर्जदार,
(सही)
अलकनंदा घैसास
नोएडा, दि. ११ फेब्रुवारी २०२५