फोटोत अक्का मात्र स्पष्ट

ती. अक्कांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मागच्या पत्रात गुडघ्याबद्दल अडीच पानं आणि बाकी सगळ्यांबद्दल मिळून दोन ओळी होत्या, त्यावरून दुखणं बरंच वाढलं असावं असं वाटलं. मी ठीक आहे. दूध उतू जाणं आठवड्यातून दोनदावर आलं आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, ते मी बहुतेक वेळा घालायलाच विसरतो, त्यामुळे डॉक्टर खूश आहेत.

पत्राचं कारण असं, की संगीत शाळेने तळमजल्यावरच्या सरावाच्या खोलीला तुमच्या बहिणीचं नाव द्यायचं ठरवलं आहे. दारावर नाव आणि आत भिंतीवर तिचा पियानो वाजवतानाचा एक मोठा फोटो. मुख्याध्यापिकाबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडे ढिगाने असतील. पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन तुम्हीच तर बसलेले असायचात." मी हो म्हणालो. ढिगाने आहेतच, सहा खोकी निघाली. येत्या गुरुवारपर्यंत एक निवडून द्यायचा आहे, आणि अक्का, तीस वर्षांच्या त्या सहा खोक्यांत तिचा एकही धड फोटो नाही.

धड नाही म्हणजे काय ते सांगतो. पियानो उत्तम आला आहे. मागचा पडदा, त्याला पडलेलं भोक, रंगमंचावरची कुंडी (त्या झाडाचं पानन् पान मोजता येतं) सगळं उत्तम. आणि सगळ्यांत उत्तम आल्या आहात तुम्ही. तिच्या खांद्यामागे खुर्चीत बसून पानं उलटणाऱ्या तुम्ही, तीस वर्षं, पुतळ्यासारख्या. तुमची साडीची पिन दिसते, चष्म्याच्या काचेत दिवा दिसतो. आणि तुमच्या पुढ्यात धुक्याचा एक ढग पियानो वाजवतो आहे. त्याला दहा-बारा हात आहेत.

मी जन्मभर नकाशे काढायची नोकरी केली. आमच्या कचेरीत रेघ जराशी पुसट आली तर साहेब कागद परत पाठवायचे. असल्या माणसाच्या हातून हे झालं. फोटो धुऊन आले की आपण तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो, आठवतं का? तुम्ही म्हणायचात, "नकाशेवाले, एवढ्या वेळात बायकोचं चित्र काढून झालं असतं." ती एकेक फोटो खिडकीपाशी धरून बघायची आणि म्हणायची, "अक्का छान आली आहे." बस, तेवढंच. मग पुढच्या कार्यक्रमाला मला नवीन रीळ आणायला पैसेही तीच काढून द्यायची. मला वाटतं फोटोंपेक्षा मी समोर बसलेला असणं तिला हवं असावं. पण हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि ती आपण होऊन सांगणारी नव्हती.

परवा खोकी घेऊन चौकातल्या फोटोवाल्याकडे गेलो. माणूस सज्जन आहे, पण दुःखातल्या माणसाशी हळू बोलायचं असतं हे त्याच्या गावी नाही. सगळे फोटो काउंटरवर पसरून म्हणाला, "काका, फ्लॅश का नाही वापरला?" म्हटलं, तिला चालायचा नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "बरं, मग बटण कधी दाबायचात?" म्हटलं, जोरात वाजत असेल तेव्हा. (हा तिचा दुसरा नियम. हळू सुरांत कॅमेऱ्याचा खटका अख्ख्या सभागृहाला ऐकू जातो म्हणून.) तो बघतच राहिला. जोरात वाजत असताना हात सगळ्यात जास्त हलतात, म्हणाला. फोटो घ्यायचा तो सूर संपून हात वर उचलले जातात तेव्हा. तिथे वाजवणारा माणूस क्षणभर थांबतो. मी म्हटलं, तिथेच सगळ्यात जास्त शांतता असते हो. मग त्याने विचारलं, "आणि फोकस कुठे लावायचात?" मी खरं ते सांगितलं. ती सारखी डुलायची, म्हणून जे हलत नाही त्यावर लावायचो. अक्कांवर.

"कोण अक्का?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्याने मग समजावलं, की कमी उजेडात भिंग पूर्ण उघडलं तर जेमतेम वीतभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं विरघळतं. मी तीस वर्षं तो पट्टा तिच्यामागे हातभर ठेवला होता. उपाय सोपे होते. फोकस डोळ्यावर ठेवायचा, कॅमेऱ्याची उघडझाप वेगाने करायची, फोटो थोडा रवाळ आला तरी चालवून घ्यायचं. पाच मिनिटांत शिकलो. आठ महिने उशीर झाला, एवढंच.

घरी येऊन खोकी परत माळ्यावर ठेवली. तिचे कार्यक्रमाचे काळे बूट अजून दारामागेच आहेत. पातळ तळव्याचे, पियानोची पायाने दाबायची पट्टी नीट कळावी म्हणून घालायची ते. केर काढताना मी ते उचलतो आणि पुन्हा तिथेच ठेवतो.

गुडघ्याला तेल लावत जा. पत्राचं उत्तर लवकर द्यावं.

तुमचा,
नकाशेवाला

ता. क. एकही धड फोटो नाही असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. एक आहे. तो खोक्यात नाही, माझ्या कपाटात आहे. ज्या दिवशी तुम्ही चुकून दोन पानं एकदम उलटलीत आणि ती भर कार्यक्रमात थांबली, त्या दिवसाचा. सभागृहात चिडीचूप झालं होतं आणि घाबरून माझं बोट बटणावर पडलं. (ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही ते त्या खटक्यामुळे, तुमच्या पानांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.) तो फोटो फाडून टाका असं तुम्ही रडत सांगितलं होतंत आणि फाडला असं मी सांगितलं होतं. क्षमा असावी. त्यात तिचे दोन्ही हात हवेत थांबले आहेत आणि मान वळवून ती मागे तुमच्याकडे झुकली आहे, म्हणजे नेमकी त्या वीतभर पट्ट्यात आली आहे. पापण्या मोजता येतात. चिडलेली नाही हो अक्का, हसू दाबते आहे. लहानपणी तुम्ही दोघी कशा असाल ते मला त्या फोटोत कळलं. तो शाळेला द्यायला तुमची परवानगी हवी आहे. पत्र खरं तर त्याचसाठी.

ता. ता. क. परवानगीची वाट बघायला हवी होती, पण फोटो कालच शाळेत देऊन आलो. आता चौकटीत बसवायला गेला आहे. बाई विचारत होत्या, शेजारी उठून पानं मागे उलटताहेत त्या कोण, त्यांचंही नाव खाली घालायचं का. अक्कांना विचारून सांगतो म्हटलं. नको असेल तर काळजी करू नका, या फोटोत तुम्ही इतक्या हललेल्या आहात की तुम्हाला कोणी ओळखणार नाही. तिला मात्र कोणीही ओळखेल.