महादेवीला लागणारा वेळ

देवणी, मंगळवार संध्याकाळ

कशातच लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसले. लातूरच्या प्रशिक्षणात मिळालेला लेख मी हसण्यावारी नेला होता. प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजा, मगच दुसऱ्या मुलाकडे वळा, एवढंच त्यात होतं. यात कसलं आलंय संशोधन?

आज चौथीच्या वर्गात करून पाहिलं. महादेवीला विचारलं, "चोपन्न फुलांचे सहा सारखे हार केले, तर एका हारात किती फुलं?" ती नेहमीसारखी गप्प. मी मोजत राहिले. चारला वाटलं, पुरे आता. पाचला ती म्हणाली, "नऊ."

"मग रोज गप्प का गं बसतेस?"

"आधी कन्नडात करते बाई, मग मराठीत आणते. तवर तुमी दुसऱ्याला इचारता."

दोन वर्षं ही पोरगी माझ्या वर्गात आहे. पाच अंक मोजायला असा किती वेळ लागतो?

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. तिच्या आईला म्हणाले, "महादेवी गणितात कच्ची नाही. चूक माझी होती." वाटलं, ऐकून खूश होईल. ती लेकीकडे बघत म्हणाली, "तुमचं ऐकून मी हिला लई मारलं वो, बाई."



कन्नड बोलणाऱ्या घरांतली आणखी चार मुलं आहेत वर्गात. उद्यापासून त्यांच्यासाठीही थांबेन. पण 'कच्चा' हा शब्द त्यांच्याही घरी मीच पोचवलाय.