ग्यानोबा सोनकांबळेचे घड्याळ

मी, संगप्पा पि. चंद्रप्पा कोरे, वय सहासष्ट, धंदा घड्याळ दुरुस्ती, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण हाताचे डोक्याशी काही देणेघेणे नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गूळही लावलेला नाही. जिल्ह्याच्या नावावरून कोणी हरकत काढू नये. मी जन्मलो तेव्हा हे गाव बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत गेले, दोन वर्षांपूर्वी लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा लातुरात आले. मी मात्र किल्ल्याच्या रस्त्यावरच्या त्याच ओट्यावर बसून आहे.

वकीलसाहेब म्हणाले, मिळकतीपुरते मोजके लिहा. मी एकदा मोजके बोललो होतो, एकच शब्द, आणि त्यात एका माणसाचा संसार गेला. म्हणून आता सविस्तर लिहितो.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व मागचे मोकळे अंगण, माझी एकुलती एक मुलगी शांतम्मा, दिल्या घरी देगलूरला असते, तिच्या नावे करतो. पोस्टातले पुस्तकही तिचेच. तिची आई जगदेवी जाऊन अकरा वर्षे झाली. तिच्या पाटल्या मी दुष्काळात विकल्या, हे शांतम्माला माहीत आहे, तरी तिने कधी विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

कलम दोन. हत्यारे. भिंग, चिमटे, बारीक पेचकस, तेलाच्या बाटल्या आणि लाकडी खणांची पेटी नांदेडचा नरसिंग, जो जुन्या घड्याळांचे सुटे भाग विकतो, त्याला द्यावीत. तो भाव करताना कसायासारखा वागतो, पण माल खरा देतो. काळ्या मुठीचा पेचकस शेजारच्या पंढरी शिंप्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी मशीनचा स्क्रू आवळायला म्हणून नेला. तो मी त्याला केव्हाच देऊन टाकला आहे, आता मागून काय करायचे.

कलम तीन. दुकानातली बेवारस घड्याळे. ही एकोणीस आहेत. आमच्या दुकानाची रीत सांगतो. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद महेबूबसाब जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घेत, हाताने फाडून अर्धा घड्याळाला बांधत आणि अर्धा गिऱ्हाइकाला देत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही फाटलेली कड जुळवून बघता येते. पत्रिका कोणाचीही असे, तिच्यावर दुकानाचे नाव नसे. आणि दुसरी रीत अशी की, माणूस आला नाही तरी तीन पोळे होईपर्यंत त्याचे घड्याळ मोडून त्यातले भाग काढायचे नाहीत. उस्ताद म्हणत, पोळ्याला माणूस गावी येतोच. या एकोणीस घड्याळांना माझ्यामागे तीन पोळे थांबावे. ही रीत मी एकदाच मोडली.

कलम चार. ते असे. ग्यानोबा सोनकांबळे हा जवळच्याच वाडीचा, सातवी शिकलेला, शेतमजुरी करणारा माणूस. बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून मला पेपर वाचून दाखवी आणि बातम्यांवर माझ्यापेक्षा जास्त चिडे. वयाने माझ्याहून लहान, मला अण्णा म्हणे. त्याच्या हातात सतरा ज्वेलचे, म्हणजे आत सतरा खडे बसवलेले, स्विस घड्याळ होते. त्याची बायको नागाबाई, तिचा भाऊ किशन पलटणीत होता, त्याने ते बहिणीच्या लग्नात दिले आणि पुढे तो तिकडेच वारला. भावाची एवढीच वस्तू तिच्याकडे राहिली होती. बाहत्तरच्या उन्हाळ्यात ते घड्याळ पडले आणि बॅलन्सचा, म्हणजे आतल्या डुलणाऱ्या चाकाचा, दांडा मोडला. मी म्हणालो, दांडा मागवावा लागेल, वेळ लागेल. त्याने अर्धी चिठ्ठी खिशात घातली.

मग पाऊस आलाच नाही. वाडीची माणसे खडी फोडायला गेली, काही पुण्याकडे गेली. ग्यानोबा नागाबाईला घेऊन नांदेडकडे कामाला गेल्याचे कळले. त्या वर्षी पोळ्याला आमच्या रस्त्यावरून एकही बैल गेला नाही, सगळे विकले गेले होते. मी ओट्यावर बसून म्हणालो, बैल नाहीत तर पोळा कसला, आणि पोळा नाही तर तीन पोळ्यांची रीत तरी कसली. माझी चूक इथे झाली. माणूस अडला की त्याला आपल्या सोयीचा धर्म सुचतो.

त्याच आठवड्यात व्यंकटराव, ज्यांचा गंजात, म्हणजे बाजारपेठेत, धान्याचा मोठा व्यवहार आहे, आपले घड्याळ घेऊन आले. तेही त्याच बनावटीचे. तबकडीत पाणी गेले होते आणि घरात लग्न होते. मी ग्यानोबाचे घड्याळ उघडले आणि तबकडी त्यांना घातली. एकदा उघडल्यावर भीड गेली. काटे एका मास्तरांना गेले, चावी दुसऱ्याला, चाके तिसऱ्याला. वर्षभरात ग्यानोबाचे म्हणून फक्त मागचे झाकण उरले, ज्यावर किशनचा पलटणीतला नंबर कोरलेला होता.

चौऱ्याहत्तरच्या पोळ्याला ग्यानोबा आला. रीतीप्रमाणे तो तिसरा पोळा. त्याने अर्धी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि हसून म्हणाला की नांदेडला दोन वर्षं काढली, पण ही जपली. ओट्यावर आणखी चारजण होते, व्यंकटरावही होते, हातात तीच तबकडी. मी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. तिचा जोड माझ्या खणात होता. मी म्हणालो, "न्हाई."

तो भांडला असता तर मी कबूल झालो असतो, असे मी दहा वर्षे स्वतःला सांगत आलो आहे. तो भांडला नाही. म्हणाला, "अण्णा, तुमी न्हाई म्हणता म्हंजी न्हाईच. माझंच कुटं तरी चुकलं असंल. दुसऱ्या दुकानात टाकलं असंल मी." आणि चिठ्ठी उचलून गेला. पुन्हा ओट्यावर आला नाही.

कलम पाच. मी ठरवले की घड्याळ होते तसे पुरे करून त्याला द्यायचे. कोणताही भाग बसवून चालले असते, पण तसले मला नको होते. दांडा केसभर लांब असला तर घड्याळ उभे चालते आणि पालथे ठेवले की थांबते. तबकडी दिसायला सारखी असते आणि मागचे बारीक पाय, ज्यांवर ती मशीनला बसते, वेगळ्या जागी असतात. त्याच मशीनचा, त्याच नंबरचा भाग हवा होता. व्यंकटरावांना मी तबकडी परत मागितली, बदल्यात नवे घड्याळ देतो म्हणालो. ते हसून म्हणाले, संगप्पा, म्हातारचळ लागला का? ती तबकडी आजही त्यांच्या मनगटावर आहे. या मृत्युपत्रात त्यांना एवढेच देतो की ती कोणाची आहे हे त्यांना कळावे.

चाके हैदराबादेत मिळाली, रविवारच्या जुन्या बाजारात. काटे सोलापुरात. दांडा आणि तबकडी मिळेना, म्हणून मी नांदेडला नरसिंगकडे खेटे घालू लागलो. त्याने तीनदा मिळताजुळता दांडा दिला, तीनदा मी तो परत केला. चौथ्या वेळी, शहात्तर साल होते, तो वैतागून म्हणाला, "तुमच्या उदगीरकडची माणसं लई चिवट बगा. एक येतंय ते दांडा मागतंय. दुसरं येतंय ते अर्धी चिठ्ठी घिऊन. म्हणतंय, माझं घड्याळ तुमच्याकडं तर टाकलं न्हाई ना? दोन साल झाले, गावातलं एक दुकान सोडलं न्हाई त्यानं."

मी त्याच्या फळीवरच खाली बसलो. माझ्या खोट्या शब्दावर ग्यानोबाने विश्वास ठेवला होता. मी चोर आहे हे त्याच्या मनातही आले नाही. आपलेच डोके गेले असे समजून तो दारोदार विचारत होता, ज्या दुकानांतून मी त्याच्याच घड्याळाचे भाग शोधत होतो. तेव्हा मी वाडीला जायला हवे होते. मी म्हणालो, आधी घड्याळ पुरे करू, रिकाम्या हाताने कसे जायचे. लाज माणसाला कामसू करते.

दांडा एकोणऐंशीला मिळाला. तबकडी शेवटी गेल्या वर्षी, नरसिंगकडेच, एका मोडलेल्या घड्याळातून. मी ते जोडले. उभे चालले, आडवे चालले, पालथे चालले. मी वाडीला गेलो तर ग्यानोबा एक्क्याऐंशी सालीच वारला होता. नागाबाई लातूरला होती, मुलगा तिथल्या नव्या जिल्हा कचेरीत कारकून लागला आहे.

मी लातूरला गेलो. घड्याळ खिशात होते. नागाबाईंनी चहा दिला, मालकाचे जुने स्नेही म्हणून. घड्याळाचा विषय त्यांनीच काढला. म्हणाल्या, "माझ्या भावाची एकच खूण व्हती. दुष्काळात मालकानं इकून दारू पेला. वर चिठ्ठी दाखवीत फिरायचा, सोंग. शेवटची सात वरसं मी त्येला ताट वाढलं, पर बोलले न्हाई." ग्यानोबा दारूला शिवतही नव्हता. मला माहीत होते. मी चहा पिऊन, घड्याळ खिशातच ठेवून, उदगीरची बस धरली. मला तिथे धाडस झाले नाही. तिला खरे सांगितले तर सात वर्षांचा अबोला तिच्या अंगावर येणार आणि ज्याची माफी मागायची तो नाही, असे मी मनाला समजावले. खरे म्हणजे मी भ्यालो.

कलम सहा. म्हणून लिहून ठेवतो की ग्यानोबा सोनकांबळे याने घड्याळ विकले नाही, हरवले नाही, त्याला विसर पडला नव्हता. ते मी मोडले. माझ्यामागे शांतम्माने लातूरला जाऊन कलम चार व पाच नागाबाईंना मोठ्याने वाचून दाखवावे, मग घड्याळ .............. यांच्या हाती द्यावे. नागाबाईंनी शिव्या दिल्या तर ऐकून घ्याव्या.

कलम सात. हे कलम आज, सही करायच्या दिवशी वाढवले आहे. शांतम्माने मागच्या आठवड्यात हा मसुदा वाचला. ती म्हणाली, "अप्पा, मेल्यावर खरं बोलायला काय लागतंय? कुणी बी बोलतंय." आणि मला न विचारता काल लातूरला गेली. आज सकाळी अकराच्या बसने नागाबाईंना घेऊन आली. वकीलसाहेबांच्या बैठकीत मी स्वतः दोन्ही कलमे वाचली. नागाबाई खाली बघून ऐकत होत्या. मी घड्याळ पुढे केले. त्यांनी कानाला लावले, चालते आहे हे ऐकले आणि परत ठेवले. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

मग त्या वकीलसाहेबांना म्हणाल्या की या कागदावर मला सही करायची आहे. साहेब म्हणाले, बाई, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीला सही करू नये, पुढे कोणी हरकत घेतली तर घोटाळा होतो. तुम्हाला घड्याळ मिळणार आहे.

त्या म्हणाल्या, "मग घड्याळातून माझं नाव काढा. भावाची खूण जाऊ द्या. माझ्या मालकानं इकलं न्हाई, ह्येची साक्ष मला द्यायची हाय. सात वरसं मी उलटी साक्ष दिली."

त्याप्रमाणे कलम सहामध्ये घड्याळ कोणाला द्यायचे तिथले त्यांचे नाव कमी केले आहे. घड्याळ आता कोणाच्या नावे करावे ते ठरले नाही. ती जागा कोरी ठेवली आहे.

पंढरीने आधी सही केली. नंतर नागाबाई बसल्या. सही करायला त्यांना ग्यानोबानेच लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवले होते, असे त्या म्हणाल्या. स्वतःचे नाव त्यांनी झरकन लिहिले. मधले नाव लिहायला फार वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो.

स्थळ : उदगीर
दिनांक : ९ एप्रिल १९८४

लिहून ठेवणार
(सही) संगप्पा पि. चंद्रप्पा कोरे

साक्षीदार
१. (सही) पंढरी पि. मारोती, शिंपी, राहणार उदगीर
२. (सही) नागाबाई ग्यानोबा सोनकांबळे, राहणार लातूर