तराजूतले एकशेचाळीस रत्तल

मी, सेतुमाधवराव हनुमंतराव, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार मेलवीधी, तंजावूर, पूर्वीचा शाळेतला ड्रिल मास्तर व हल्ली मद्रास राज्य आहार-व्यायाम संघाचा अध्यक्ष, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाखाली नसताना माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. धाकाचे शब्द कायद्याला लागतात म्हणून घातले. खरे पाहता माझा मेहुणा बाळकृष्णराव, संघाचा चिटणीस, या घटकेला बाहेरच्या ओट्यावर बसून माझ्याकडे कोण येते-जाते ते पाहतो आहे. त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्याचे सारे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झाले. म्हणून मी हे देवनागरीत लिहितो. आत डोकावला तर त्याला वाटेल, म्हातारा स्तोत्र उतरवून घेतो आहे.

१. हे राहते घर माझी पत्नी कृष्णवेणी हिला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या मागे इथे स्मारक करून माझ्या वहाणा आणि काठी काचेच्या कपाटात ठेवायचा संघाचा बेत आहे. तो मला मान्य नाही. चौदा वर्षे ही बाई स्वतःच्या घरात दार लावून साखरेची कॉफी पीत आली आहे, कारण अध्यक्षांच्या घरातून कॉफीचा वास आला तर गावात चर्चा होते. यापुढे तिने दार सताड उघडे टाकून प्यावी.

२. माझी पितळी शिटी आणि कवायतीची पुस्तके ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेला द्यावीत. आमची पहिली शाखा एक्कावन्न साली त्याच गावात, छत्राच्या म्हणजे धर्मशाळेच्या अंगणात भरली. बारा माणसे होती. हातसडीचा तांदूळ खा, साखर कमी करा, रोज तासभर चाला, एवढेच आमचे सांगणे. आज राज्यभर दोनशेच्या वर शाखा आहेत. ते सांगणे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे, हे मला इथे नोंदवायचे आहे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी चालणे सोडू नये.

३. पापनाशमच्या भातगिरणीतला मोठा तराजू संघाने विकत घेतला आहे, तो माझा नाही. पण माझे सगळे आयुष्य त्यात अडकले म्हणून त्याची हकिगत सांगतो. बावन्न साली गिरणीत व्याख्यान होते. गंमत म्हणून मी पारड्यात बसलो. एकशेचाळीस रत्तल भरलो. पुढच्या वर्षी पुन्हा बसलो, पुन्हा तितकाच. बाळकृष्णरावाने ते पत्रकात छापले. झाले, तेव्हापासून दरवर्षी पोंगलनंतर अध्यक्षांची तुला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात हातसडीचा तांदूळ, आणि तो तांदूळ प्रसादासारखा वाटायचा. देवळात नवसाची तुला होते तशीच लोक हात जोडून पाहतात. आता किलो आले, तरी आमच्या मांडवात अजून रत्तलच पुकारतात, कारण एकशेचाळीस हा आकडा लोकांच्या तोंडी बसला आहे.

४. साठ साली मला मधुमेह झाला. तिरुचीच्या डॉक्टरांनी रोज इन्सुलिनची सुई लावून दिली. पोंगलपर्यंत मी एकशेअठ्ठावीसवर आलो होतो. मी म्हटले, सभेत सांगून टाकू. बाळकृष्णराव म्हणाला, "भावजी, एवढं एक वर्ष. लोकांचं मन मोडूं नका. पुढल्या पोंगलला, तै महिन्यांत, पाहूं." कृष्णवेणीने जाड खादीचा कमरपट्टा शिवला, त्याला कप्पे केले, कप्प्यांत शिसे घातले. बारा रत्तल. पुढल्या वर्षी एकोणीस, मग चोवीस, मग अठ्ठावीस. परवा परसातल्या काट्यावर मी एकशेनऊ भरलो, म्हणजे येत्या शुक्रवारी एकतीस रत्तल शिसे कमरेला बांधायचे आहे. पारड्यातून उठताना माझे पाय लटपटतात. लोक म्हणतात, अध्यक्ष किती सावकाश, किती भारदस्त उठतात.

तंजावूरच्या औषधवाल्यांना कळू नये म्हणून इन्सुलिन बाळकृष्णराव तिरुचीहून स्वतः आणतो. गार राहावे म्हणून ओल्या मातीच्या मडक्यात ते ठेवतो आणि मडक्याची खोली कुलपात. किल्ली त्याच्याकडे. तो मला कधी वाकडे बोलला नाही. त्याला बोलावे लागत नाही.

५. ओरत्तनाडूची भामा हिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा कागद मी पुरा करू शकत नाही. ती तिथल्या शाळेत शिक्षिका, आमची शाखाप्रमुख, वय चौतीस. तिलाही मधुमेह होता आणि तीही सुई घेत होती, उघडपणे. त्रेसष्टच्या तुलेला ती पुढच्या रांगेत होती. मी पारड्यात. बाळकृष्णराव भाषणात म्हणाला, हातसडीचा तांदूळ खाणाऱ्याला आणि चालणाऱ्याला सुई कशाला, पाहा आमचे अध्यक्ष. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर भामा जवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, मग मीही सुई सोडूं का?"

बाळकृष्णराव माझ्या खांद्याशी उभा होता. नको म्हणायला एक श्वास लागला असता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणायचे होते, बाई, मला विचारू नकोस. तिला वाटले, आशीर्वाद दिला. अकराव्या दिवशी ती गेली.

तिची आई गंगाबाई महिन्याभराने घरी आली. रडली नाही. एक डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तिणं तुमचं ऐकलं हो. शेवटपर्यंत टोचून घेतलं नाहीं. ह्या उरल्या बाटल्या. मज ठेववत नाहींत घरांत." सहा बाटल्या होत्या. त्या वैशाखात बाळकृष्णराव दौऱ्यावर अडकला, मडके कुलपात राहिले, माझी जीभ कोरडी पडली. भामाच्या बाटल्यांतल्या चार मी वापरल्या. तिच्या औषधावर मी जगलो. याला मी काय म्हणू ते मला आजही कळत नाही. लाज हा शब्द फार लहान पडतो.

६. उरलेल्या दोन बाटल्या गंगाबाईंना परत द्याव्यात आणि त्यांना वरील कलम वाचून दाखवावे. सगळे, काही न गाळता. माझी बँकेतली शिल्लकही त्यांनाच द्यावी. त्यांनी ती फेकून दिली तर त्यांना कुणी अडवू नये.

७. बाळकृष्णरावाला मी कमरपट्टा देतो, शिशासकट. त्याने तो एक दिवस बांधून हिंडावे. माझा त्याच्यावर राग आहे, पण पट्टा दरवर्षी मी स्वतःच्या हाताने बांधला, हेही लिहितो.

८. माझ्या मृत्यूनंतर, दहनाआधी, मला पट्ट्याविना त्याच तराजूत सर्वांसमोर ठेवावे. खरा आकडा पुकारावा. मी आजारी होतो, सुई घेत होतो आणि सुईनेच इतका जगलो, असे मोठ्याने सांगावे. जिवंतपणी हे सांगण्याची छाती मला झाली नाही.

येथवर लिहून मी थांबलो. गुडघा दाखवायच्या निमित्ताने कृष्णवेणीने डॉक्टर रघुपतींना बोलावले होते, आणि गुरुराज आचार्य रोजच्यासारखे पुराण सांगायला आले होते. ओट्यावर ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून, हलक्या आवाजात, दोघांसमोर हा कागद मी वाचून दाखवला. कृष्णवेणी पट्टा मांडीवर घेऊन सातवा कप्पा शिवत होती. आठवे कलम ऐकल्यावर तिने सुईदोरा खाली ठेवला.

"मेल्यावर सांगून काय करायचं, अहो?" ती म्हणाली. "तोंवर आणखी किती भामा जातील? ह्या शुक्रवारीं मी शिवणार नाहीं. कमरेला काय बांधायचं तें तुम्ही पाहा."

मी म्हटले, तुझा भाऊ मडक्याची किल्ली देणार नाही. तर रघुपती म्हणाले, "माझ्या दवाखान्यांत मिळतं कीं इन्सुलिन. तुम्ही कधीं मागितलंच नाहीं."

पाच वर्षांत एकदाही मागितले नव्हते. मला अजून भीती वाटते आहे, ती लपवत नाही. कृष्णवेणीने कात्रीने पट्टा उसवला आणि शिशाचे तुकडे एकेक करून पदरात काढले. मग मी टाक उचलला.

दुरुस्ती: आठव्या कलमातील "माझ्या मृत्यूनंतर, दहनाआधी" हे शब्द खोडून त्यांच्या जागी "येत्या शुक्रवारी, मी जिवंत असता" असे वाचावे. "मला ठेवावे" याऐवजी "मी बसेन", आणि "सांगावे" याऐवजी "सांगेन". शेवटचे वाक्य संपूर्ण खोडले आहे. जिवंतपणी करायची गोष्ट मृत्युपत्रात बसत नाही, असा आक्षेप गुरुराज आचार्यांनी घेतला. तो मान्य करून कलम तसेच ठेवले आहे, म्हणजे शुक्रवारी मी मागे सरलो तर माझ्याच अक्षरात पुरावा राहील.

वरील मजकूर व दुरुस्ती सेतुमाधवराव यांनी आमच्यासमक्ष वाचून, समजून, सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली.

सही: सेतुमाधवराव हनुमंतराव

साक्षीदार: डॉ. रघुपती, तंजावूर
साक्षीदार: गुरुराज आचार्य, तंजावूर

मुक्काम तंजावूर, रविवार, १० जानेवारी १९६५. सही करतेवेळी वजन एकशेनऊ रत्तल.