टोपीच्या आतली रेघ

३ जून
करायला नको होतं, पण केलं. काकांच्या जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी असते, तिच्यातून चारी प्लगना ठिणगी जाते. ती उघडून आत पेन्सिलने बारीक रेघ मारली. आता ठिणगी रेघेवरून भलतीकडेच पळते. इंजिन खोकतं.
काका नुसतं ऐकून इंजिनाचं दुखणं ओळखतात. त्यांचाच शब्द आहे, "माझे कान गेले की गाडी तुझी." कान जायची वाट कोण बघत बसणार?

५ जून
काकांनी चारी प्लग काढले, घासले, परत लावले. खोकला तसाच. बॉनेटवर कान टेकवून बसले. काकू म्हणाली, "मुका घेताय की काय तिचा?" मी एवढा हसलो की पाना पायावर पडला.
उद्या रेघ पुसतो. नक्की.

६ जून
नाही पुसली. पाय दुखत होता.

९ जून
काकांनी नवे प्लग आणले, जुन्याच मापाचे. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, जमाना बदलला. म्हणाले, "आधी दुखणं तर कळू दे रे." टोपीत बघितलं, पण चष्मा न लावता. वाचलो.

१२ जून
काका कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत. काकांना वाटलं, मन राखायला बोलतोय. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत गेले. जेवले नाहीत.
वाईट वाटलं. जेवढं वाटायला पाहिजे तेवढं.

१३ जून, सकाळ
रेघ पुसली. वर अपग्रेड! रेसिंगचे प्लग, दुकानातले सगळ्यात लांब. दुकानदार म्हणाला, माप बघून घे. त्याला काय कळतंय. लांब प्लग म्हणजे ठिणगी खोलवर. साधी गोष्ट आहे.

१३ जून, संध्याकाळ
किल्ली फिरवली. खण्ण!
खिडकीतून काका ओरडले, "लांब प्लग बसवलास का रे? पिस्टन आपटतोय त्याच्यावर, थांब!"
शंभर टक्के बरोबर. पण हो म्हटलं तर कान शाबूत, आणि गाडी परत त्यांची. म्हटलं, "भास होतोय तुम्हाला, काका." आणि भासच आहे हे दाखवायला आणखी चारदा स्टार्टर मारला.
"असेल बाबा," म्हणाले. खिडकी लावून घेतली.

२० जून
पिस्टनला भोक. भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला. काका बाहेर आले नाहीत. हल्ली काकूने हाक मारली तरी मला विचारतात, "खरंच मारली का रे तिने?"
ही वही कुणाच्या हाती लागलीच तर पाया पडतो, कुणाला सांगू नका. कुजबुजूसुद्धा नका. काका घराच्या पार त्या टोकाला बसलेत, पण त्यांना ऐकू जाईल.